भिंतीकडं तोंड केलेला चंद्र

आंबेशेत, पवन मावळ
एप्रिल १९७१

प्रिय श्रीपती,

'प्रिय' वाचून दचकू नकोस, पत्र चुकून तुझ्याकडं आलेलं नाही. आठ वर्षं या अक्षरातली जी पत्रं तुला अमेरिकेत मिळतात, ती 'चिरंजीव श्रीपती यास अनेक उत्तम आशीर्वाद' अशी सुरू होतात, कारण ती तुझ्या आईची असतात. कस्तुरामावशी सांगतात, मी लिहिते, आणि खाली कोपऱ्यात 'लिहिणार रतन' एवढी माझी हजेरी लागते. आजचं पत्र मात्र माझं आहे. मावशी समोर ओट्यावर नाचणी पाखडत बसल्यात आणि त्यांचं अर्धं लक्ष माझ्या हाताकडं आहे. दोनदा विचारून झालं, "मी आजून काईच सांगितलं न्हाई, आन तू काय लिवाय लागलीस गं?" मी म्हटलं, शाळेचं आहे. "शाळेचं लिवताना हसतीस व्हय?" म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या. त्यांना फसवणं कुणाला जमलंय?

आधी गावाची बातमी. यंदा आंबेशेतात कुणी राब भाजला नाही. दरवर्षी या दिवसांत भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा घालून भाजतात आणि संध्याकाळी सगळ्या खोऱ्यात धूर साचून राहतो. त्या धुरानं तुझे डोळे वाहायचे आणि तू रडतोस म्हणून मी शाळेत सांगत सुटायची. यंदा धूर नाही, कारण रोपं लावायला जमीनच राहणार नाही. धरणाची भिंत पुरी होत आली. या पावसाळ्यात पाणी आपल्या गावापर्यंत चढेल, तेव्हा मृगाआधी गाव उठायचं, असं धरणाचे साहेब सांगून गेलेत. नवलाख उंबरे गावाकडच्या माळावर जागा दाखवलीय. लोकांनी घरं उतरवायला घेतली. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमचे वासे खरोखरीच बैलगाड्यांत बसून फिरायला निघाले. गाव असं भोकाभोकाचं दिसतं की वर्गाला सुट्टी दिली तरी मुलं खेळायला बाहेर जात नाहीत.

तुमचं घर तेवढं अजून अंगावर कौलं घेऊन उभं आहे. श्रीपती आल्याशिवाय एका कौलाला हात लावू देणार नाही, असं मावशींनी सगळ्यांना बजावलंय. भिमाजीआबा समजूत घालायला आले तर त्यांनाच विचारलं, "पोरगं आलं आन हितं समदं पानीच पानी, तर त्यानं घर कुटं हाय म्हनून कुनाला इचारायचं? माशास्नी?" गावाचे सगळे निवाडे आबा करतात, पण त्या दिवशी ते चहा पिऊन गेले. आता मावशींना हलवायचं काम गावानं माझ्या गळ्यात घातलंय, कारण मास्तरीण बाईचं त्या ऐकतात असा गावाचा समज आहे.

काल मी तुमच्या फळीवरची भांडी आवरून ठेवायचं निमित्त केलं. खरं तर मला पहिली वस्तू हलवून बघायची होती. हंडे, परात, समई सगळं उतरवू दिलं; चंद्राच्या फोटोला हात लावला तशी सूप टाकून उठल्या. तो फोटो तू पाठवलास त्याला चार वर्षं झाली. चंद्राभोवती यान फिरतं, त्यात माणूस नसतो, ते वरून फोटो काढतं, आतल्या आत धुतं आणि पट्टीपट्टीनं खाली पाठवतं, मग आम्ही त्या पट्ट्या जोडून बसतो, असं तू लिहिलं होतंस. मावशी म्हणाल्या, "म्हंजी गोधडीच की!" आणि त्या फोटोवरच्या आडव्या रेघा बोटानं चाचपून त्यांनी शिवण पाहिली. लोणावळ्याच्या बाजारात सखाराम फोटोवाल्याकडं मी तो काचेत बसवायला नेला, तर त्याला सगळ्यात लागलं ते धुण्याचं. "बाई, मला हितं अंधार करायला दारावर दोन चादरी आन एक सतरंजी लावावी लागते, तरी दुपारचा फोटो धुवत न्हाई. आन हे आभाळात फिरता फिरता धुत्यात? कोन सांगतं?" मी म्हटलं, आमच्या गावचा मुलगा सांगतो. त्यानं काच, लाकडी चौकट सगळं केलं, पण तुझ्यावर विश्वास काही ठेवला नाही.

फोटो फळीवर उभा केला तेव्हा त्यात नुसते खड्डे होते. मोठ्या खड्ड्यात धाकटे, धाकट्यांत बारके. बघायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्यांना एकच आठवलं होतं. शेवटी मावशीच म्हणाल्या, "माज्या तोंडावानी हाय की गं." तू तान्हा असताना त्यांना देवी आल्या होत्या, ते वण तुला कधी वेगळे दिसलेच नसतील, आईचा चेहरा असाच असतो असं तुला वाटत असेल. मी सांगितलं की श्रीपती दिवसभर भिंग घेऊन हेच बघत बसतो, एकेक खड्डा मोजतो, नकाशावर काढतो. त्यावर त्या काच पदरानं पुसत म्हणाल्या, "मग माजं तोंड इसरायचा न्हाई त्यो." हे मी तेव्हा तुला कळवलं नाही. त्यांनी लिही म्हटलं नव्हतं, आणि मी लिहिलं असतं तर तुझं दोन दिवस कामात मन लागलं नसतं, एवढी तरी मी तुला ओळखते. आज लिहिते.

पुढची गंमत त्याच सालच्या भाद्रपदातली. गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये, बघितला तर चोरीचा आळ येतो, हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशी सकाळी उठून मावशींनी पहिलं काम काय केलं असेल तर फळीवरचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. आभाळातला चंद्र एक वेळ टाळता येतो, घरातला कसा टाळणार? विसर्जन होईपर्यंत बिचारा तसाच शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा. मग त्यांनी तो वळवला आणि हाक मारली, "रतने, हिकडं ये. बग, डोंगूर उगवले." मी धावत गेले. शपथ घेऊन सांगते, खड्डे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी टेकड्या होत्या, गोल, नीट उभ्या, मधला तर थेट डोंगर. भिमाजीआबांनी बघून निकाल दिला की गणपतीच्या सहवासात राहिल्यानं त्याला वाढ लागली. गाव लोटलं बघायला. आणि मी, पुण्याला ट्रेनिंग झालेली, भूगोल शिकवणारी, मीही त्या गर्दीत तोंड उघडं टाकून उभी होते.

मग त्या डोंगरांना नावं पडली. हा तुंग, तो तिकोना, हा लोहगड, त्याच्या अंगाला विसापूर. मधल्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याला एक बारका काळा ठिपका आहे, तिथं मावशी बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हितं आपलं घर." त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुधारलं. आधी त्यांना वाटायचं पोर कुठल्या खड्ड्यांत काम करतंय. आता म्हणायला लागल्या, "चांगला डोंगराळ मुलूख हाय, आपल्यासारका. करमत आसंल त्याला." संकष्टीला उपास सोडायच्या आधी अंगणात जाऊन चंद्र बघतात, ते आता गणपतीसाठी कमी आणि तुझ्यासाठी जास्त. "त्याचं हापीस उगावलं का बग" असं मला ओरडून विचारतात आणि मगच ताट घेतात.

मला खरं कारण कळलं ते तुझ्या पत्रातून. नवीन आलेली मुलं पहिल्या दिवशी खड्ड्यांना डोंगर म्हणतात आणि आम्ही हसतो, असं तू लिहिलं होतंस. डोळ्याला सवय असते की उजेड वरून येतो, म्हणून फोटो उलटा धरला की खड्ड्याचा डोंगर होतो. काय आहे ते ठरवायच्या आधी उजेड कुठल्या बाजूनं येतो ते विचारावं. ते वाचून मी तुमच्याकडं गेले, मावशी नदीवर गेल्या होत्या, फोटो उचलून फिरवला, आणि सगळे डोंगर एका क्षणात खचून खड्डे झाले. तुंग नाही, तिकोना नाही, घर नाही. चतुर्थी झाल्यावर फोटो वळवताना त्यांनी तो डोक्यावर उभा केला होता, एवढंच काय ते झालं होतं. मी तो लगेच पुन्हा उलटा करून ठेवला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि तुझ्या आईला ते दुरूनच बघायचे आहेत, मग त्यांना खोलात कशाला नेऊ? काल तो फोटो उतरवू दिला नाही तेव्हाही तो तसाच होता, पाय वर करून.

माणसं चंद्रावर उतरली त्या दिवशी शाळेतला रेडिओ मी ओट्यावर आणून ठेवला होता. सगळं गाव ऐकायला होतं, जनावरंसुद्धा त्या दिवशी उशिरा सुटली. ऐकून झाल्यावर आबा म्हणाले, "झालं की काम! मानूस उतरला तितं. आता येईल आपला श्रीपती." इतकी साधी गोष्ट कुणाला आधी सुचली नव्हती. फोटो कशाला काढायचे, तर उतरायला जागा बघायची म्हणून; उतरले; मग आता जागा बघणाऱ्याचं तिथं काय? त्या श्रावणात मावशींनी तुझ्यासाठी बाजूला काढलेला आंबेमोहोर तांदूळ कुणाला हात लावू दिला नाही. मी त्यांच्या वतीनं विचारलंही होतं तुला. तू लिहिलंस, आता तर खरं काम सुरू झालं. पुढं असंही लिहिलंस की ती फोटो काढणारी यानं परत येत नाहीत, काम संपलं की त्यांना मुद्दाम चंद्रावरच आपटून टाकतात. तुला ते साधं वाटलं असेल. मी ते वाक्य मावशींना वाचून दाखवलं नाही. आठवडेच्या आठवडे मला त्या यानाचं वाईट वाटत राहिलं, इतकं बघितलं त्यानं, आणि त्याला कुणी घरी ये म्हटलं नाही.

मला मळवलीचं स्टेशन आठवतं. तू जायच्या दिवशी सगळे खिंडीपर्यंत आले होते, मावशी तिथूनच माघारी वळल्या, पाय दुखतात म्हणाल्या, आणि पुढं भाजे गावावरून उतरून स्टेशनपर्यंत तू, आबा आणि मी. आबा पाणी प्यायला गेले, मला वाटतं मुद्दाम. तू ट्रंकेवर बसला होतास. माझ्याबद्दल तुला सगळं ठाऊक होतं: पंधराव्या वर्षी नाणे मावळात दिलेली, दीड वर्षात कपाळ पांढरं करून माहेरी आलेली, मग माझ्या वडलांनी, भाऊंनी हट्टानं शिकवलेली. आपल्यात दुसरा पाट लागतो, त्याचं कुणाला नवल नाही, भाऊ तर डोळे मिटेपर्यंत माझ्यासाठी स्थळं बघत होते. मी प्रत्येक वेळी शाळेची सबब सांगितली. त्या दिवशी तू म्हणालास, "रतन, तुझ्याशी एक बोलायचंय." गाडीचा सिग्नल पडला होता. तू घड्याळाकडं पाहिलंस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "परत आलो की बोलू." मी म्हटलं, "बरं." दोन वर्षांचा प्रश्न होता. एवढ्या बोलण्यावर मी आठ वर्षं काढली, हे दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पंधरवड्यापूर्वी चावडीवर साहेब बसले होते, घरटी माणसं विचारायला. एकेकाला बोलावून विचारायचे, घरात कोण कोण. मावशींची पाळी आली तेव्हा त्या मला हाताला धरून घेऊन गेल्या. काय काय सांगितलं ते मागून लिहिते, पण मुलगा कुठं असतो असं विचारल्यावर म्हणाल्या, "चंद्रावं काम करतो." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हातारे, थट्टा करतेस का?" तेवढ्यात आबा मागून म्हणाले, "न्हाई सायेब, खरं हाय. आमच्या गावचं एक मानूस वरच हाय." सगळी चावडी हसली, साहेबही हसले. हसता हसता कुणीतरी म्हणालं की त्याला तिकडचा खडानखडा ठाऊक, आणि आपलं आंबेशेत पुढल्या वर्षी कुणाला दाखवायला राहणार नाही. मग साहेबांनी पेन पुन्हा उचललं.

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तू चंद्राची पाठसुद्धा पाहिलीस, जी आम्हाला इथून जन्मात दिसणार नाही, आणि आंबेशेतचा वरून काढलेला एक फोटो जगात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हणून मी लोणावळ्याला जाऊन सखारामला गाठलं. डोंगर चढून गावाचा फोटो काढायचा म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, नवरानवरी आसली तर खिंडीत काय, गडावं येतो. घरांचा फोटो कोन काढतं?" मी म्हटलं, जे बुडणार आहेत त्यांचा. मग तो आला. संध्याकाळच्या उन्हात काढ असं मी बजावलं होतं, ऊन तिरपं असलं की सावल्या पडतात आणि उंच-सखल कळतं, डोक्यावर आलं की सगळं सपाट, हे तुझंच शिकवणं. आबा त्याच्याबरोबर खिंडीत थांबले. ठरलं असं की फोटो झाला की वरून आरसा चमकवायचा.

वरून आपलं घर ओळखू कसं यायचं, हा प्रश्न मावशींनीच सोडवला. ट्रंकेतून तुझ्या वडलांचं पांढरं धोतर काढलं आणि वाळवण घालतात तसं अंगणभर पसरलं, चारी कोपऱ्यांवर पाट्याचे, जात्याचे दगड ठेवले. धोतराच्या एका बाजूला त्या उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला मी. नवं लुगडं नेसल्या होत्या. मान वर करून आम्ही खिंडीकडं बघत होतो आणि वर कुणी आहे की नाही तेही कळत नव्हतं. श्रीपती, आपल्याकडं कुणीतरी लांबून, खूप वरून बघतंय आणि आपल्याला ते दिसत नाही, हे कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मावशींचे पाय भरून आले, मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, "बसलेली आई बगून त्याला वाटंल म्हातारी झाली." मग खिंडीत आरसा चमकला. एकदा, दोनदा. त्यांनी त्या उजेडाला हात जोडले.

तो फोटो या पाकिटात आहे. सखारामनं मोठा करून दिलाय आणि तुझ्यासाठी निरोपही, की हा त्यानं जमिनीवर उभं राहून धुतलाय. भिंग घेऊन बघ. नदी सापडली की डाव्या अंगाला शाळा, कौलं उतरवलेली घरं ओळखता येतील, त्यांच्या भिंतींच्या आत उन्हाचे तुकडे पडलेत. मग पांढरं धोतर. त्याच्या दोन बाजूंचे दोन ठिपके आम्ही. मी हा फोटो उलटा धरूनही पाहिला. तुझ्या चंद्राइतकं नीट जमत नाही, पण डोळे बारीक केले की सगळं खोरं वर उचलून येतं आणि आंबेशेत डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसतं, जिथं कुठलंही पाणी चढणार नाही. मी तो खूप वेळ तसाच धरून बसले होते. मग सुलटा करून पाकिटात घातला.

आता दुसरा ठिपका तुमच्या अंगणात काय करतोय, हे तू विचारशील, आणि त्यासाठी मला चावडीवर परत जावं लागेल. साहेबांनी घरात कोण कोण विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मी, माजा ल्योक, आन ही माजी सून," आणि माझा हात धरून पुढं केला. तसं सांगून जागेत काही वाढ होणार नव्हती, साहेबांनी आधीच सगळ्यांना समजावलं होतं. त्यांना ते सगळ्या गावादेखत एकदा बोलायचं होतं, एवढंच. चावडीवर आख्खं आंबेशेत होतं. मला जन्मल्यापासून ओळखणारी माणसं. साहेबांनी आबांकडं पाहिलं, आबा म्हणाले, "व्हय सायेब. तशीच हाय." कुणी हसलं नाही. साहेबांनी मग माझ्याकडं पाहिलं. आणि मी नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून मावशी म्हणून हाक मारली तर त्या ओ देत नाहीत. "आत्याबाई म्हन," म्हणतात. या पत्रात मी सवयीनं मावशीच लिहीत आले, पण समोर म्हणताना आत्याबाईच म्हणते, आणि तू येशील तेव्हा तुझ्या कानावर ते आपोआप पडण्याआधी मीच सांगावं म्हणून हे पत्र. तू परत आलो की बोलू म्हणाला होतास; तुझी आई तेवढी थांबली नाही. माझ्या बाजूचं त्या बोलल्या ते खरं आहे. तुझ्या बाजूचं मला ठाऊक नाही. तिकडं तुझं कुणी असेल, तर तसं लिहू नकोस, ये आणि गाव उठायच्या आत त्याच चावडीवर, त्याच माणसांसमोर सांग, कारण ते मी सांगणार नाही. आईच्या काळजीनं येऊ नकोस. तू नाही आलास तरी मी त्यांना घेऊन जाईन, कौलं मी उतरवीन, फोटो त्यांना हवा तसा उलटा धरून माळावर नेईन. सून म्हणून एवढा हक्क आता माझा आहे. आजवरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आई तुझी वाट पाहते' असं असायचं. ते वाक्य आत्याबाईंनी क्वचितच सांगितलं, त्यांना ते सांगायची गरज वाटायची नाही. ते मीच घालायची. आज ते जसं आहे तसं लिहिते. मी तुझी वाट पाहते, श्रीपती. मृगाआधी ये.

तुझीच, आणि हा शब्द मला कुणी सांगितलेला नाही,
रतन